माझ्या केसवर माझी सही

६ जानेवारी, मंगळवार

सकाळी दाराची कडी निघेना. आधी बोटांनी, मग तळहाताने, मग कोपराने. बाहेर दूधवाला, आत मी, मध्ये कडी. शेवटी लेक ईरा उठून आली, एका बोटाने काढली आणि परत पांघरुणात. एकोणिसाव्या वर्षी मीही अशीच होते. नोएडाची थंडी, त्यात धुकं. आमवाताला हे सगळं माझ्याआधी कळतं.

ऑफिसात टेबलावर अ‍ॅडमिनचं पत्र. भाषा मोठी गोड. माझ्या प्रकृतीची काळजी म्हणून मला डिक्टेशनच्या कामातून सोडवून डाक विभागात 'हलक्या कामावर' पाठवायचा विचार आहे. त्याआधी जिथे उपचार घेते त्या हॉस्पिटलचं पत्र आणावं: डिक्टेशनसाठी योग्य की अयोग्य. मुदत एक महिना.

सव्वीस वर्षं लघुलिपी लिहितेय. आता सगळे थेट कंप्युटरवर बडवतात, पण आमचे सहसचिव जुन्या वळणाचे, फेऱ्या मारत बोलतात आणि मी उतरवते. (सहसचिवांना इथे जेएसच लिहिणार. पूर्ण लिहायला आज बोटं नाहीत.) ठाण्याहून एकटी दिल्लीत आले ती या एका कलेच्या जोरावर. आणि आता टपालावर शिक्के मारू?

सुहासला पत्र दाखवलं. म्हणाला, "चांगलंच आहे की. शिक्के मारायचे, पाचला घरी." नवरा आहे म्हणून वाचला.

८ जानेवारी, गुरुवार

ओपीडी. नेहमीसारखी सकाळी दुखण्याची गोळी घेऊन गेले, हात जरा बरे दिसतात. नेहमीचा फॉर्म भरला. दुखणं शून्य ते दहात किती: तीन. थकवा: तीन. सकाळचा ताठरपणा: अर्धा तास.

डॉ. कपूर चांगल्या आहेत, पण घाईत. माझी बोटं दाबता दाबता विचारलं, "आपका अपना गोल क्या है? क्या करना चाहती हैं इन हाथों से?" मी तोंड उघडणार तोच सुहास, "बस मैडम, घर का काम आराम से हो जाए." डॉक्टरांनी लिहून घेतलं! घर का काम. म्हणजे मी जगते ती पोळ्या लाटण्यासाठी.

अ‍ॅडमिनचं पत्र पुढे केलं. त्या म्हणाल्या, असा निर्णय एकट्या घेत नाहीत, बुधवारी टीम बसते, तिथे ठरेल.

"टीम में कौन-कौन है?"

त्या स्वतः, सिस्टर जेसी, आणि नेहा, जी हातांचे व्यायाम आणि कामाच्या युक्त्या शिकवते.

"और मैं?"

त्या हसल्या. विनोद वाटला असावा.

परत येताना राजीव चौकला मेट्रो बदलेपर्यंत सुहासशी बोलले नाही. त्याला कळलंच नाही की मी बोलत नाहीये. फोनवर क्रिकेट.

९ जानेवारी, शुक्रवार

लंचमध्ये हॉस्पिटलच्या हेल्पलाइनला फोन. जेसीच उचलते. मूळची कोट्टायमची, वीस वर्षं दिल्लीत, हिंदी स्वतःच्या नियमांनी बोलते. सांगितलं, बुधवारच्या मीटिंगला मला बसायचंय.

"पेशंट कभी नहीं आया मैडम मीटिंग में."

"मना है?"

"मना तो कहीं लिखा नहीं."

सरकारी नोकरीत एवढं पुरतं. जे मना लिहिलेलं नाही ते अर्ज करून मिळतं. अर्ज टाईप केला, अर्धं पान, तीन मुद्दे. मुद्दा दोन: रुग्णाचे ध्येय रुग्णाच्या पतीकडून नोंदवले गेले आहे, ते दुरुस्त करावे. पाठवून टाकला.

११ जानेवारी, रविवार

संक्रांतीच्या बांगड्या घ्यायला करोल बाग, ईराबरोबर. बांगडीवाला माझा हात बघून म्हणाला, "आंटी, दो-आठ लगेगी, सूजन है." लग्नापासून माझं माप दोन-चार. त्याने साबण लावून प्रयत्न केला. सांध्यावर येऊन अडली. मागे तीन बायका उभ्या, सगळ्यांचं लक्ष माझ्या मुठीकडे.

दोन-चारच घेतल्या. एक डझन, हिरव्या. घालता येणार नाहीत हे मला माहीत, त्याला माहीत, ईरालाही माहीत. ती ऑटोत म्हणाली, "आई, यू आर सो... तो शब्द काय? जिद्दी?" म्हटलं, मराठीत हट्टी. "हां, तेच. बिल्कुल तेच."

१४ जानेवारी, बुधवार

तिळगूळ. पाक गरम असतानाच लाडू वळावे लागतात. चार झाले आणि अंगठा आखडला. बाकीचा गोळा ताटात थापला आणि वड्या पाडल्या. सुहास म्हणतो, "वड्याही छानच लागतात." लागतात. तो मुद्दा नाही.

दुपारी जेसीचा फोन. पुढच्या बुधवारी, २१ तारखेला, बारा वाजता. पंधरा मिनिटं. डॉक्टर राजी आहेत.

ताबडतोब मुद्दे लिहायला बसले. तुम्ही ऐकत नाही. तुम्ही चार मिनिटांत तपासता. तुम्ही नवऱ्याला विचारता. तुम्ही 'घर का काम' लिहिता. दीड पान भरलं. छान वाटलं.

२१ जानेवारी, बुधवार

काय झालं ते जसंच्या तसं लिहिते. मीटिंगचा वृत्तांत लिहिणं हाच माझा धंदा.

छोटी खोली, गोल टेबल, चार खुर्च्या. चौथी कुठून तरी आणलेली, प्लास्टिकची. हजर: डॉ. कपूर, सि. जेसी, नेहा, मी. मी पॅड काढलं. डॉक्टर म्हणाल्या, "आप नोट्स लेंगी?" म्हटलं, मी ज्या मीटिंगला बसते तिथे दुसरं काही करायला शिकलेच नाही. नेहा हसली.

मी माझं दीड पान वाचलं. एकही शब्द गाळला नाही. डॉक्टर मध्ये बोलल्या नाहीत, याचे मार्क त्यांना. 'घर का काम'वर काट मारून माझ्यासमोर लिहिलं: डिक्टेशन, पूर्ण वेगाने, निवृत्तीपर्यंत. मला वाटलं, जिंकले.

मग जेसीने माझे जुने फॉर्म टेबलावर एका ओळीत मांडले. दोन वर्षांचे, आठ. तीन, तीन, अर्धा तास. तीन, तीन, अर्धा तास. आठही. शेरा: पूर्ववत. अक्षरही तेच, जणू एकाच दिवशी बसून भरलेले.

शेजारी डॉक्टरांनी हातांचे दोन एक्स-रे लावले. जुना आणि आताचा. मनगटापाशी आणि दोन बोटांच्या मुळाशी हाड खाल्लेलं. मलाही दिसलं.

"वृंदा जी, तीन वाले हाथ ऐसे नहीं होते."

मी म्हणाले, तपासणीत दिसायला हवं होतं. त्या म्हणाल्या, हो, दिसायला हवं होतं, माझी चूक आहे, सूज कमीच लागायची आणि मी फॉर्मवर भरवसा ठेवला. मग जेसीने विचारलं, "सुबह गोली खाके आते हो क्या, दर्द वाली?"

हो म्हटलं.

जेसी भडकली. आठवड्यातून एकदाच्या मुख्य गोळीबरोबर ही मनाने घेतलेली गोळी, किडनीचं काय, लिव्हरचं काय, दो साल से, और हम इधर सोचते दवा बढ़िया चल रहा! डॉक्टरांनी तिला खुणेने थांबवलं. नेहाने पाण्याचा ग्लास पुढे केला, त्याला दोन बाजूंना कान होते. मी दोन्ही हातांनी धरला आणि प्यायले.

पत्राचं काही ठरलं नाही. पुढच्या बुधवारी परत. तोपर्यंत रोजचं खरं लिहून आणायचं. पंधरा मिनिटांची मीटिंग, चाळीस झाली.

२२ जानेवारी, गुरुवार

रजा. डोकं सणकलेलं आहे पण कोणावर ते कळत नाही.

हे कुठून शिकले ते मात्र मला चांगलं माहीत आहे. दर तिमाहीला आमच्या विभागाचा अहवाल वर जातो. मीच करते. मागच्या तिमाहीची फाईल उघडायची, तारीख बदलायची, शेरा 'पूर्ववत', संपलं. आकडा बदलला की वरून प्रश्न येतो, आणि प्रश्न आला की तो ज्याने आकडा बदलला त्याच्या गळ्यात. म्हणून शहाणा माणूस आकडा बदलत नाही. मी स्वतःच्या हाडांचा अहवाल तसाच पाठवत होते.

आणि ती गोळी? मंत्री येणार असले की आमच्या मजल्यावर कुंड्या येतात. दुसऱ्या दिवशी परत जातात. मी बोटांना कुंड्या लावून नेत होते.

एवढी अक्कल असून गाढवपणा केला. लाज वाटते. पण एक सांगते, लाज वाटते म्हणून मी डाक विभागात जाणार नाही. या दोन वेगळ्या फाईली आहेत.

२४ जानेवारी, शनिवार

खरं लिहायचं ठरलंय ते असं. गोळीशिवाय.

सहा: आठ. बोटं मिटतच नाहीत.
साडेसात: सात. दात घासले, डावा हात.
नऊ: सहा. (शनिवार म्हणून घरी. एरवी या वेळी मेट्रोत, खांबाला मनगट अडकवून.)
साडेदहा: चार.
बारा ते पाच: तीन. कधी दोन!
सात: पाच. थकवा आठ. ईराने विचारलं, आई, रागावलीस का. नाही गं, दमलेय. दोन वर्षांत पहिल्यांदा घरात हा शब्द वापरला.

सुहासने कागद बघितला. बराच वेळ बघत राहिला. "हे रोज?" रोज. "मला का नाही सांगितलंस?"

तू कधी विचारलंस, असं म्हणणार होते. पण त्याचा चेहरा बघून म्हटलं नाही. मग तो त्याच्या जातीवर गेला: "पण हे तिथे देऊ नकोस हं. आठ लिहिलंस तर अ‍ॅडमिनच्या हातात आयतं कोलीत. तीनच ठेव, पत्र मिळू दे, मग खरं सांग." माणूस माझ्याच बाजूचा आहे, हेच अवघड आहे. आणि सल्लाही अगदी मी दोन वर्षं पाळला तोच.

भांडलो. चहा गार झाला. शेवटी म्हटलं, हात जातील सुहास, पत्र राहील, काय करू त्या पत्राचं? तो उठून गेला. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून आवाज, बरण्यांची झाकणं काढून ठेवत होता. सगळ्या बरण्यांची. साखरेला मुंग्या लागणार आता.

२८ जानेवारी, बुधवार

दुसरी मीटिंग. प्लास्टिकची खुर्ची तीच. आधीच मांडून ठेवलेली होती, याची नोंद घ्यावी.

पाच दिवसांचे कागद दिले. डॉक्टरांनी प्रत्येक वाचला. म्हणाल्या, उपचार वाढवायला हवेत, हे दोन वर्षांपूर्वी व्हायला हवं होतं. आत्ताच्या गोळीच्या जोडीला दुसरं औषध, आधी टीबीची आणि रक्ताची तपासणी. फायदा दिसायला वेळ लागेल, दिसेलच अशी खात्री नाही. मला हे आवडलं. पहिल्यांदा कोणी खात्री नाही म्हणालं.

मग पत्र. डॉक्टर हळूच म्हणाल्या, "मैं सीधा लिख देती हूँ, फिट फॉर ऑल ड्यूटीज़. आपका काम हो जाएगा." मनाने चांगल्या आहेत. तोंडाला पाणी सुटलं, खोटं कशाला बोलू. एक ओळ आणि जागा माझी.

नेहा टेबलाकडे बघत होती. जेसी माझ्याकडे.

म्हटलं, नाही. पुन्हा 'पूर्ववत' नको. मी डिक्टेट करते, तुम्ही लिहा.

आयुष्यात पहिल्यांदा बोलणारी मी आणि लिहिणारं दुसरं कोणी. डॉक्टरांनी खरंच पेन उचललं. मुद्दे: आजार सक्रिय आहे. उपचार बदलले आहेत. साडेदहापर्यंत हात चालत नाहीत, त्यानंतर चालतात. डिक्टेशन अकरानंतर घ्यावे. नेहाने घातलं: जाड पेन, तिरकं पॅड, अर्ध्या तासाने पाच मिनिटं विश्रांती. जेसीने घातलं: त्रास वाढला तर त्याच दिवशी फोन, आठवडाभर सहन करायचं नाही. ते पत्रात कशाला, असं डॉक्टर म्हणाल्या. जेसी म्हणाली, "ये मैडम के लिए है, ऑफिस के लिए नहीं." राहू दिलं. तीन महिन्यांनी पुन्हा निर्णय, रुग्णाच्या उपस्थितीत.

खाली तिघांच्या सह्या. मग डॉक्टरांनी कागद माझ्याकडे सरकवला. मी म्हटलं, माझी कशाला? "टीम है ना," त्या म्हणाल्या, "आपने ही तो पूछा था."

चौथी सही केली. वाकडीतिकडी आली. वेळ सव्वाबारा, हात बरे होते, तरीही. डोळ्यांत पाणी आलं आणि मला त्याचा राग आला.

२ फेब्रुवारी, सोमवार

पत्र अ‍ॅडमिनच्या बत्रांना दिलं. त्यांनी वरून खाली वाचलं, मग खालून वर.

"मैडम, ये चौथा साइन?"

"मेरा."

"अपने केस पर आप खुद साइन नहीं कर सकतीं. आप तो नियम जानती हैं."

जाणते. स्वतःच्या रजेवर, स्वतःच्या बढतीवर, स्वतःच्या कशावरच इथे कोणी सही करत नाही. सव्वीस वर्षं मीही हा नियम दुसऱ्यांना ऐकवला.

म्हटलं, "बत्रा जी, हाथ मेरे हैं. बाकी तीनों ने देखे हैं, मैंने इस्तेमाल किए हैं. सबसे पक्का गवाह मैं हूँ."

ते म्हणाले, सही खोडून आणा, नाहीतर फाईल वर जाताना आक्षेप लागेल.

"लगने दीजिए."

बाजूच्या टेबलांवरचं टायपिंग थांबलं. बत्रा वाईट माणूस नाही, त्याला फक्त भीती वाटते की असे चौथे साइन सगळीकडून यायला लागतील. यावेत!

घरी सांगितलं. सुहास म्हणाला, "खोडली असतीस तर काय बिघडलं असतं?" मग मीच काही म्हणायच्या आत, "नाही, नाही. बरोबर केलंस." सुधारतोय.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

टीबीची तपासणी ठीक. नवीन औषध सुरू होऊन दोन दिवस. मळमळ, तोंडाला चव नाही. पूर्वीची मी गप्प बसले असते. दहा वाजता जेसीला फोन. तिने वेळ बदलून दिली, जेवणानंतर घ्यायला सांगितलं, आणि वर म्हणाली, "शाबाश, आज शिकायत किया."

या देशात तक्रार केल्याबद्दल शाबासकी देणारी एकच बाई आहे आणि ती कोट्टायमची आहे.

नेहाकडे गेले. फडकं पिळायचं नाही, नळावर अडकवून फिरवायचं. पिशवी बोटांत नाही, कोपरावर. पेनाला स्पंजची नळी. पोरकट दिसतं. जेएसच्या खोलीत नेऊ का? नेणार. बघू दे त्यांना.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

फाईलवर आक्षेप लागला. बत्रांनी लिहिलंय, पत्रावर संबंधित कर्मचाऱ्याची स्वाक्षरी असल्याने ते 'निष्पक्ष मानता येत नाही'. फाईल जेएसकडे गेली. म्हणजे आता माझं काय करायचं ते ज्याची मी पत्रं लिहिते तो माणूस ठरवणार. आठवडाभर त्यांनी मला डिक्टेशनला बोलावलेलं नाही. दुसऱ्या मजल्यावरचा एक मुलगा लॅपटॉप घेऊन जातो.

सकाळचा आकडा सात. उतरलेला नाही. लिहिलाय तसाच, जेसीकडे पाठवलाय तसाच. मोह झाला होता सहा लिहायचा. एवढ्या मेहनतीनंतर एक आकडा तरी खाली यावा ना.

रडले थोडी, बाथरूममध्ये, नळ सोडून. मग डब्याचं झाकण ईराकडून उघडून घेतलं आणि जेवले.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

सव्वाअकराला जेएसचं बोलावणं. टेबलावर माझी फाईल होती, बंद. तिच्याबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. म्हणाले, "एक लंबा लेटर है. लेंगी?"

बसले. तिरकं पॅड, स्पंजचं पेन. त्यांनी पेनाकडे पाहिलं, मग खिडकीकडे, आणि सुरू केलं. एक... एक... शब्द. शाळेत शुद्धलेखन घालतात तसं. प्रत्येक शब्दानंतर माझ्या हाताकडे नजर. दया होती, मला दिसत होती. दुसऱ्या ओळीला मी पेन खाली ठेवलं.

"सर, अपनी स्पीड से बोलिए."

"आर यू श्योर?"

"नहीं सर. पर आप बोलिए."

ते उठले, फेऱ्या मारायला लागले, आणि विसरले की मी आजारी आहे. काय सांगू किती बरं वाटलं. दोन परिच्छेद सरळ उतरले, मनगट ठणकत होतं पण रेघा नीट. तिसऱ्यात एक लांबलचक वाक्य आलं आणि अंगठा अडला. चार-पाच शब्द गेले.

सव्वीस वर्षांत अशा वेळी मी काय केलं असतं मला माहीत आहे. पुढे गेले असते. गेलेले शब्द नंतर अंदाजाने भरले असते, आणि ते कधी कोणाला कळलं नसतं.

"सर, रुकिए. छूट गया. फिर से बोलिए."

ते थांबले. फाईलकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं.

मी पॅडवर पेन टेकवून बसले. उठले नाही.

"कहाँ से?" त्यांनी विचारलं.